‘बाईचा रोज’ आणि ‘गड्याचे साल’ : वेतनमापनाच्या इतिहासातील एक नामप्रश्न

१

खासगी क्षेत्रातील वेतनाचे मापन व्यवसायवार व लिंगवार करावयाचे म्हटले म्हणजे पाहणीकर्त्याला कागदावर दोन रकाने आखावे लागतात. एका रकान्यात व्यवसायाचे नाव येते; दुसऱ्यात काम करणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, ही नोंद येते. ह्या दोहोंच्या छेदावर जो आकडा बसतो त्याला आपण ‘त्या व्यवसायातील स्त्रीचे वेतन’ किंवा ‘पुरुषाचे वेतन’ असे म्हणतो. ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्या मागील गृहीत तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. ते गृहीत असे की, व्यवसाय ही स्वतंत्र वस्तू असून तिला स्वतःचे नाव असते. तो करणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

प्रस्तुत निबंधात ह्या गृहीताचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे. वेतनाचे तक्ते हा अर्थशास्त्राचा प्रांत होय, हे मान्यच आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तेथे पाऊल टाकण्याचे कारण एवढेच की, तक्त्यातील आकडा मोजला जाण्यापूर्वी रकान्याचे शीर्षक लिहिले जाते, आणि शीर्षक शब्दांचे असते. ज्या भाषेत व्यवसायाच्या नावातच लिंग मिसळलेले असते, त्या भाषेच्या मुलखात हे दोन रकाने एकमेकांपासून किती वेगळे राहू शकतात? मराठवाड्यातील लासूर स्टेशनसारख्या एका लहान बाजारपेठेच्या निमित्ताने हा प्रश्न मांडता येईल. त्याच्या उत्तरावर केवळ तक्त्यांची शुद्धता अवलंबून नाही. समान वेतनाचा कायदा कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोणाच्या पडत नाही, हेही पुष्कळ अंशी त्यावरच ठरते.

२

लासूर हे गंगापूर तालुक्यातील शिवना नदीकाठचे जुने गाव. ‘लासूर स्टेशन’ ही त्याच्याजवळ रेल्वेच्या आश्रयाने वाढलेली वस्ती होय. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत मीटरमापी मार्ग झाला. मनमाडहून औरंगाबादकडे येताना रोटेगाव, परसोडा, लासूर, पोटूळ, दौलताबाद ही स्थानके ओळीने लागतात. रेल्वेने मालाला बाजार दिला. बाजाराने आडत दुकाने, वखारी व कापसाचे कारखाने आणले. आणि त्यांच्याबरोबर रोख मजुरीवर काम करणारा एक वर्ग ह्या पट्ट्यात प्रथमच ठळकपणे दिसू लागला. पुढील काळात कापूस, धान्य व कांदा ह्यांची बाजारपेठ म्हणून लासूर स्टेशनचे नाव झाले.

ह्या नव्या वर्गाची पहिली मोजणी कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. औरंगाबाद जिल्ह्याच्या गॅझेटियर-परंपरेत एक आकडा वारंवार उद्धृत केला जातो : १९०१ साली जिल्ह्यातील सरकी काढण्याच्या व गठ्ठे दाबण्याच्या कारखान्यांत मिळून १,०१६ माणसे कामास होती. एकट्या जालन्यात असे सरकी काढण्याचे ९ व गठ्ठे दाबण्याचे ५ कारखाने होते, असेही तेथे सांगितलेले असते. आकडा नेमका आहे. तथापि ह्या १,०१६ माणसांत स्त्रिया किती, कोण कोणते काम करी आणि कोणास किती मजुरी मिळे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. कारखानदारीच्या प्रगतीचे माप म्हणूनच माणसे मोजली गेली होती. मजुरी मोजण्याचा हेतू तेथे नव्हता. मोजणी जो हेतू मनात धरते तेवढेच ती पाहते, ह्याचे हे पहिले उदाहरण समजावे.

मजुरी मोजावयाची असती तरी आणखी एक अडचण होतीच. लासूर निजामाच्या राज्यात आणि मनमाड ब्रिटिश मुलखात. एका राज्यात ‘हाली’ रुपया, दुसऱ्यात ‘कळदार’. ‘हाल’ म्हणजे वर्तमान, म्हणून चालू नाणे ते हाली. यंत्राच्या कळेवर पाडलेले ते कळदार. शंभर कळदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असा अधिकृत भाव होता. हाली नाणे व्यवहारातून पूर्णपणे जाण्यास १९५९ साल उजाडले. तेव्हा एकाच लोहमार्गावरील दोन गावच्या मजुरीची तुलना करणाऱ्याने ‘रुपया’ हा एकच शब्द दोन्हीकडे वाचला, तर त्याची चूक सहास एक एवढी होईल. नाण्याच्या बाबतीत ही सावधगिरी इतिहासाचे सर्व अभ्यासक बाळगतात. कामाच्या नावाच्या बाबतीत ती तितकीशी बाळगली जात नाही.

३

आता ह्या मुलखातील कामाची व मोबदल्याची नावे पाहू. मोबदल्याला मराठीत एक शब्द नाही. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द. ‘मजुरी’ व ‘रोज’ फारसीच्या मार्गाने आलेले. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आलेला. हे केवळ पर्याय नव्हेत. कचेरीतला पगार घेतो, शेतावरचा मजुरी घेतो, आणि सरकारी कागदावर दोघांचेही ‘वेतन’ होते. प्रत्येक शब्दाबरोबर कालाचे एक माप येते : पगार महिन्याचा, रोज दिवसाचा, ‘साल’ वर्षाचे, ‘उक्ते’ कामाच्या नगावर.

जुन्या गावगाड्यात बलुते होते. बलुते घराला मिळे आणि घर पुरुषाच्या व्यवसायाने ओळखले जाई. कुंभाराच्या घरी माती मळण्यापासून भांडी बाजारात नेण्यापर्यंत स्त्रीचा हात लागे. परंतु ‘कुंभारीण’ ह्या शब्दाचा पहिला अर्थ कुंभाराची बायको असाच होतो. ‘सुतारीण’, ‘परटीण’ ह्यांचेही तेच. मराठीतील ‘-ईण’ हा प्रत्यय व्यवसायवाचक नामाला लागला की, बहुधा व्यवसाय दाखवीत नाही. व्यवसाय करणाऱ्याशी असलेले नाते दाखवितो. उलट ‘सुईण’ ह्या शब्दाला पुल्लिंगी जोड नाही, कारण ते काम पुरुष करीतच नसे. ‘मोलकरीण’ हा शब्द तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात ‘मोल’ आहे, म्हणजे मजुरीची कल्पना आहे, पण कोणते काम हे त्यात मुळीच सांगितलेले नाही. मोल घेऊन काम करणारी स्त्री, एवढेच तिचे वर्णन.

शेतावर येता हे अधिक स्पष्ट होते. सालगडी हा पुरुष. त्याचे साल बहुधा पाडव्याला ठरे. रोख रक्कम, धान्य, कपडालत्ता असे त्याचे स्वरूप असे, आणि पुष्कळदा त्याच्या बायकोने करावयाचे शेणगोठ्याचे काम त्याच सालात धरलेले असे. ‘गडी’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पुरुष आणि चाकर. ‘बाई’ ह्या शब्दाचीही आज तीच गत झालेली आहे. ‘बाई लावली’ ह्या वाक्यात ती लिंगवाचक आहे की व्यवसायवाचक, हे सांगता येणार नाही. म्हणजे पाहणीचे दोन रकाने ज्या दोन गोष्टी वेगळ्या करू पाहतात, त्या एकाच शब्दात नांदत असतात.

म्हणूनच लासूर स्टेशनच्या परिसरात मजुरीचा भाव विचारला, तर उत्तर व्यवसायवार येत नाही. ‘बाईचा रोज अमुक, गड्याचा रोज तमुक’ असे येते. खुरपणीचा भाव वेगळा, कापणीचा वेगळा असे तपशील खोदून विचारल्यावरच मिळतात. बोलणाऱ्याच्या मनात वर्गीकरणाची पहिली पायरी लिंग ही आहे, काम ही दुसरी. पाहणीच्या कागदावर हा क्रम नेमका उलटा आहे.

ह्याहून सूक्ष्म असा एक व्याकरणिक भेद आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘तुमचा व्यवसाय कोणता?’ ह्या प्रश्नाला पुरुष बहुधा नामाने उत्तर देतो : ‘हमाल आहे’, ‘सालगडी आहे’, ‘मापाडी आहे’. तोच प्रश्न स्त्रीला केला असता उत्तर क्रियापदाने येते : ‘खुरपायला जाते’, ‘कापूस वेचायला जाते’, ‘रोजानं जाते’; आणि त्याआधी पुष्कळदा ‘काही नाही’ हे दोन शब्द येतात. पुरुष व्यवसाय ‘असतो’. स्त्री कामाला ‘जाते’. व्यवसायाचा रकाना नाम मागतो. क्रियापद त्यात मावत नाही. मग गणक ‘शेतमजूर’ किंवा ‘घरकाम’ असे एखादे नाम स्वतःच पुरवितो. खुरपणे, वेचणे, निवडणे, चाळणे ह्या चार निराळ्या कौशल्यांचे एक नाव होऊन जाते.

ही केवळ व्याकरणाची हौस नव्हे, ह्यास जनगणनेचाच दाखला आहे. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांत मोडलेल्या स्त्रियांचे प्रमाण १९७१ च्या जनगणनेत सुमारे निम्म्यावर आले. दहा वर्षांत अर्ध्या स्त्रियांनी काम सोडले असे कोणीही मानले नाही. १९७१ साली माणसाचा ‘मुख्य’ उद्योग कोणता, हे प्रथम विचारले गेले. जिने ‘घर’ म्हटले ती कामकऱ्यांच्या यादीतून गेली. पुढे १९८१ पासून मुख्य व सीमांतिक असे कामकऱ्यांचे दोन वर्ग करून ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. प्रश्नाची शब्दयोजना बदलली की वस्तुस्थितीचा आकडा बदलतो, ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

४

व्यवसायवार वेतनमापनाची पद्धतशीर सुरुवात आपल्या प्रदेशात मुंबईस झाली. पहिल्या महायुद्धानंतरची महागाई आणि गिरण्यांतील संप ह्यांच्या पार्श्वभूमीवर मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले. फिंडले शिरस ह्यांच्याकडे त्याची सूत्रे होती. त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ निघू लागले आणि कापडगिरण्यांतील वेतन व कामाचे तास ह्यांची मे १९२१ मधील स्थिती दाखविणारी पहिली पाहणी हाती घेण्यात आली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९२३ व १९२६ च्या स्थितीविषयी आणखी दोन पाहण्या झाल्या, आणि १९३४ मध्ये मुंबई इलाख्याची सर्वसाधारण वेतनगणना झाली.

ह्या पाहण्यांचे ऋण मोठे आहे. मालकांच्या हजेरीपटांवरून, खात्याखात्यांतील कामांची नावे घेऊन, पुरुष, स्त्रिया, मोठी मुले व लहान मुले असे विभाग पाडून त्यांनी मिळकतीची सरासरी काढली. कामगाराच्या पोटाचा प्रश्न भाषणांतून काढून तक्त्यात बसविण्याचे काम त्यांनी केले. तथापि तक्ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. गिरणीतील स्त्रिया मुख्यतः दोन खात्यांत होत्या : वाइंडिंग आणि रीलिंग. ही दोन्ही कामे नगावर दिली जात. विणकाम, कताई, यंत्रदुरुस्ती ही पुरुषांची खाती. म्हणजे ज्या ओळीत स्त्रियांचा आकडा आहे त्या ओळीत तुलनेस पुरेसे पुरुष नाहीत, आणि ज्या ओळीत पुरुषांचा आहे तेथे स्त्रिया नाहीत. ‘समान व्यवसायात स्त्री-पुरुषांच्या वेतनात किती अंतर?’ हा प्रश्न ह्या तक्त्याला विचारला, तर अंतर नाही असेच जवळजवळ उत्तर येईल. कारण तुलना करण्यास जागाच नाही. अंतर सर्व आहे, पण ते ओळींच्या आत नसून ओळी-ओळींच्या मध्ये आहे. ओळींना नावे देतानाच ते तक्त्याबाहेर गेले.

स्त्रियांच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीला गिरणीत ‘नायकीण’ म्हणत. पुरुषांच्या खात्यावर ‘जॉबर’ असे. माणसे आणणे, त्यांच्याकडून काम करवून घेणे हे दोघांचेही काम. परंतु एकाला यंत्रयुगाने नवे इंग्रजी नाव दिले. दुसरीला जुन्या शब्दाचे स्त्रीरूप मिळाले, आणि त्या स्त्रीरूपाला समाजात एक वेगळाच, अप्रतिष्ठेचा अर्थ आधीपासून चिकटलेला होता. दोन नावे असल्यामुळे दोन ओळी झाल्या. दोन ओळी असल्यामुळे तुलना झाली नाही.

मनमाडच्या अलीकडे, हैदराबाद संस्थानात, केशव अय्यंगार ह्यांनी १९२९-३० च्या सुमारास केलेल्या आर्थिक पाहण्या आणि १९४९-५१ मधील ग्रामीण पाहण्या हे ह्या दिशेचे महत्त्वाचे प्रयत्न होत. त्यांचा रोख कर्ज, जमीनधारणा व कुटुंबाचे उत्पन्न ह्यांवर होता. कुटुंब हे एकक धरले म्हणजे घरातील कोणाच्या हातास किती आले हा प्रश्न मागे पडतो. बलुत्याच्या काळी घर हे मोबदल्याचे एकक होते. नव्या शास्त्रातही ते मोजणीचे एकक राहिले.

५

स्वातंत्र्यानंतर मापनाचे क्षेत्र देशव्यापी झाले. १९४६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय श्रम कार्यालयाने १९५८-५९ मध्ये व्यवसायवार वेतनाची पहिली पाहणी केली. तिच्यात ४४ उद्योग होते : ३७ कारखानदारीचे, ४ खाणींचे व ३ मळ्यांचे. १९५८ सालीच व्यवसायांचे राष्ट्रीय वर्गीकरण तयार झाले. प्रत्येक व्यवसायाला एक नाव, एक क्रमांक व एक वर्णन मिळाले. भिन्न प्रांतांतील, भिन्न भाषांतील कामे एका सूत्रात ओवण्याचा तो प्रयत्न स्तुत्य होता. परंतु सूत्र इंग्रजीत वळलेले होते, आणि त्याचे मणी नामांचे होते.

शेतमजुरांची चौकशी १९५०-५१ व १९५६-५७ अशी दोनदा झाली. नव्या पैशांत सांगावयाचे तर पहिल्या चौकशीत पुरुष शेतमजुराचा सरासरी रोज १०९ पैसे व स्त्रीचा ६८ पैसे आढळला. दुसरीत अनुक्रमे ९६ व ५९. पुरुषाच्या रुपयास स्त्रीचे सुमारे ६२ पैसे, हे प्रमाण दोन्ही वेळा जवळजवळ तेच राहिले. दोन चौकशांत धान्यरूप मजुरीचे मोल लावण्याची रीत एक नव्हती, म्हणून मजुरी खरोखर किती उतरली ह्यावर त्या काळी बराच वाद झाला. त्या वादात भाग घेणाऱ्यांनी धान्याचा भाव घाऊक धरावा की किरकोळ, ह्याची बारकाईने चिकित्सा केली. ‘स्त्रीचा सरासरी रोज’ ह्या संकल्पनेत कोणकोणती कामे एकत्र झाली आहेत, ही चिकित्सा त्या मानाने थोडी झाली.

पुढे ग्रामीण भागातील मजुरीच्या दरांची मासिक नोंद सुरू झाली. तीत नांगरणी, पेरणी, निंदणी, कापणी, वेचणी अशी कामे उभी आणि पुरुष, स्त्रिया, मुले आडवी, अशी मांडणी आढळते. येथे रकान्याचे शीर्षक व्यक्तीच्या नामाऐवजी कामाच्या नावावरून आलेले आहे, ही सुधारणा खरीच. परंतु नांगरणीच्या ओळीत स्त्रियांच्या खान्यात पुष्कळदा आडवी रेघ असते, कारण सरासरी काढण्याइतकी उदाहरणेच नसतात. वाचक ती रेघ ओलांडून पुढील आकड्याकडे जातो. वास्तविक अधिक मोलाचे काम कोणाच्या वाट्यास आलेच नाही, हे ती रेघ सांगत असते. त्या पानावरील सर्वांत महत्त्वाची माहिती कदाचित तीच असेल.

मराठवाड्यात ह्याच्याही पुढचा एक प्रकार आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत मजुराचे एकक ‘कोयता’ हे आहे. कोयता म्हणजे हत्यार. पण हिशेबात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती साधारणतः नवऱ्याच्या हाती पडते. मजुरी टनावर लागते तीही जोडीची. आणि ‘खाडा’ पडला तर कपात होते तीही जोडीच्याच हिशेबातून. अशा ठिकाणी ‘ऊसतोडणी कामगार, स्त्री, वेतन’ हा आकडा कोठून आणावयाचा? जोडीच्या मिळकतीला दोनाने भागले तर समानता आपोआप सिद्ध होते. पुरुषाच्याच नावे सर्व लिहिले तर स्त्री बिनपगारी ठरते. दोन्ही आकडे कागदावर निर्दोष दिसतील आणि दोन्ही असत्य असतील.

६

येथवर प्रश्न मापनाचा होता. आता न्यायाचा पाहू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५१ साली समान वेतनाचा करार संमत केला व भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. त्या कराराची भाषा ‘समान मूल्याचे काम’ अशी आहे. आपला समान वेतन कायदा १९७६ साली झाला. त्याची भाषा मात्र ‘तेच काम किंवा तत्सम स्वरूपाचे काम’ अशी होती. २०१९ च्या वेतनसंहितेत तो कायदा सामावला गेला, तरी ही शब्दयोजना बहुतांशी कायम राहिली. दोहोंतील भेद लहान नाही. ‘समान मूल्य’ म्हटले की खुरपणी व नांगरणी ह्यांची तुलना निदान विचारात घेता येते. ‘तेच किंवा तत्सम काम’ म्हटले की दोन कामांची ओळख आधी पटवावी लागते. आणि व्यवहारात ओळख प्रथम नावाने पटते.

हे नाव किती भ्रामक असू शकते, ह्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयापुढे १९८७ साली झाला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेने दावा केला होता की, पुरुष लघुलेखकांपेक्षा स्त्री लघुलेखकांना कमी वेतन दिले जाते. कंपनीचे म्हणणे असे की, ह्या ‘गोपनीय स्त्री-लघुलेखक’ वरिष्ठांस व्यक्तिशः जोडलेल्या असल्याने त्यांचा वर्गच निराळा आहे. न्यायालयाने पदनाम बाजूस सारून प्रत्यक्ष काम पाहिले, ते एकाच स्वरूपाचे असल्याचे ठरविले आणि भेद बेकायदेशीर मानला. कंपनीची आर्थिक स्थिती हे भेद चालू ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, असेही त्या निकालात सांगितले. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, पदनामातच लिंग घातलेले होते आणि ते पदनामच बचाव म्हणून पुढे करण्यात आले होते. लघुलेखिकेला निदान नेमणूकपत्र होते. ‘रोजानं जाते’ असे म्हणणाऱ्या स्त्रीजवळ तुलनेसाठी पुढे करावयास पदनामही नसते.

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठांना लागू होणारे ह्याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आहे. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याच्या नावात पुरुषांचे व्यवसाय नामरूपाने आलेले आहेत. परंतु परिशिष्टातील बाजारविषयक नोंद पाहिली तर तेथे नामे नाहीत, क्रिया आहेत : भरणे, उतरविणे, रचणे, वाहणे, तोलणे, मापणे, शिवणे, निवडणे, साफ करणे. कांद्याच्या खळ्यावर प्रतवारी करणारी, धान्य निवडणारी व चाळणारी स्त्री ‘हमाल’ ह्या नामात कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ‘निवडणे’ व ‘साफ करणे’ ह्या क्रियापदांत ती स्पष्ट उभी आहे. तिला कायद्याचा लाभ प्रत्यक्ष कितपत मिळाला, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे. कायदा लिहिणाऱ्याने क्रियापद वापरले म्हणून तिच्यासाठी दार तरी राहिले, एवढे निश्चित.

७

ह्या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप येईल. नाव बदलल्याने मजुरी बदलते काय? जमिनीची मालकी, मुलांचा सांभाळ, रात्रपाळीवरील कायदेशीर बंधने, अवजारावरील ताबा, संघटनेचा अभाव ही स्त्रीच्या कमी मजुरीची खरी कारणे होत. शब्द हा त्यांचा पडसाद आहे. हा आक्षेप बव्हंशी मान्य आहे. शब्दाने मजुरी ठरते असे येथे म्हणावयाचे नाही. मजुरीतील अंतर दिसते की झाकले जाते, हे शब्द ठरवितो. आणि जे तक्त्यात दिसत नाही त्याचा दावा करता येत नाही, इतकेच म्हणणे आहे.

पश्चिमेकडील संशोधनाची येथे तुलना उपयोगी पडेल. क्लॉडिया गोल्डिन ह्यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अमेरिकेतील स्त्रियांच्या श्रमाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडून दाखविल्याबद्दल. जुन्या नोंदींत विवाहित स्त्रीच्या व्यवसायाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘पत्नी’ असे लिहिलेले असे. म्हणून त्यांना इतर साधनांवरून तिचे काम पुन्हा शोधून काढावे लागले. आपल्याकडील ‘-ईण’ प्रत्ययाची ही दूरची बहीणच होय. त्यांचा दुसरा निष्कर्ष असा की, आज तेथे स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतराचा मोठा भाग एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांमध्ये आहे. हा निष्कर्ष मराठवाड्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. कारण ‘एकच व्यवसाय’ म्हणजे काय, हेच येथे अजून नीट लिहिले गेलेले नाही.

मग अभ्यासकाने काय करावे? क्षेत्रपाहणीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना चार नोंदी वेगळ्या ठेवण्याचे सुचवावेसे वाटते. पहिली, काम करणाऱ्याने स्वतः वापरलेले शब्द, क्रियापद असेल तर क्रियापदासह, जसेच्या तसे. वर्गीकरणाचा क्रमांक त्याच्या शेजारी नंतर लिहावा, त्याच्या जागी नव्हे. दुसरी, मोबदल्याचे एकक : साल, महिना, रोज, किलो, उक्ते की कोयता. वेचणीचा दर किलोवर असताना त्याचा दिवसाचा रोज काढला, तर किती किलो व किती तास धरले आणि मुलांनी किती हात लावला, हे लिहून ठेवले पाहिजे. तिसरी, मोबदला कोणाच्या हातात पडला. चौथी, ज्या खान्यात आकडा नाही तेथे तो का नाही : काम नव्हते, स्त्रीला ते दिले जात नव्हते, की तिने ते केले आणि दुसऱ्याच्या नावावर गेले.

ह्या चार नोंदींनी पाहणीचा कागद थोडा लांबेल आणि सरासरी काढणे थोडे अवघड होईल. परंतु १९०१ सालच्या १,०१६ माणसांविषयी आज आपण जे विचारू इच्छितो आणि विचारू शकत नाही, ते आपल्या काळातील माणसांविषयी पुढील अभ्यासकांना विचारता यावे, असे वाटत असेल तर एवढा त्रास घेणे अवश्य आहे. लासूर स्टेशनवर उतरून कापसाच्या शेताकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न ‘तुमचा व्यवसाय कोणता?’ असा न विचारता ‘आज काय काम केले?’ असा विचारावा. उत्तर क्रियापदात येईल. ते तसेच लिहून घ्यावे.